चिंधी, वाकळ आणि चुंबळ : मलकापूर परिसरातील एका घरगुती शिवणकामाचा शब्देतिहास

१

कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे दोन-तीन थर एकावर एक ठेवावयाचे, धावदोऱ्याने ते एकजीव करावयाचे आणि चहाचा पेला ठेवता येईल एवढे वीतभर आसन तयार करावयाचे, हे काम आज पुष्कळ घरांतून हौसेने व काही ठिकाणी विक्रीसाठीही होत असते. वस्तू इतकी लहान आहे की, तिचा इतिहास लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाला तिच्यात एक विसंगती आढळते. ती शिवण्याची रीत मराठी घरांत फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. टाका, धावदोरा, अस्तर, काठ, ठिगळ ही त्या रीतीची सर्व अंगे मराठी शब्दांनी ओळखली जातात. तयार झालेल्या वस्तूला मात्र मराठीत स्वतःचे नाव नाही. शिवणारी स्त्री तिला 'मॅट' म्हणते किंवा 'कोस्टर' म्हणते. आणि हे दोन्ही शब्द टाळले तर तिला 'कपाखाली ठेवायचे ते' असे वर्णन करावे लागते.

ज्या हातांना वाकळ, दुपटे, बसकर, चुंबळ ही नावे पिढ्यान् पिढ्या परिचित आहेत, त्याच हातांतून निघालेली ही वस्तू अनामिक का राहिली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ शब्दकोशात मिळत नाही. त्यासाठी कापडाच्या झिजेचा, शिंप्याच्या कात्रीचा आणि चहाच्या प्रसाराचा इतिहास एकत्र पाहावा लागतो. विवेचनासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर व त्याभोवतालचा शाहूवाडी तालुका हा प्रदेश पुढे ठेवला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील आणि कऱ्हाडनजीकचे मलकापूर ही गावे याहून वेगळी होत.

२

मलकापूर हे कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. विशाळगडच्या पंत प्रतिनिधींच्या जहागिरीशी त्याचा इतिहास निगडित आहे. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी मोडली व जहागिरीचे ठाणे गडावरून मलकापुरास आले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हा मुलूख संस्थानाच्या छत्राखालील जहागीर म्हणून नांदत होता. घाटमाथ्यालगत असल्यामुळे येथील पाऊस मोठा. आंब्याच्या बाजूच्या गावांत तो वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांच्या पुढे जातो. चार महिने ओल आणि त्यामागून डोंगराळ भागातील थंडी, अशा हवेत अंथरूण-पांघरुणाचा प्रश्न हा चैनीचा नसून जगण्याचा असतो.

या प्रदेशात पांघरुणे दोन प्रकारची. एक धनगरांच्या मागावर विणलेली लोकरीची घोंगडी आणि दुसरी घरात जुन्या सुती कपड्यांची शिवलेली वाकळ. घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेता येते, शेतात नेता येते. तिचा विणणारा ठरलेला असतो आणि तिला दाम मोजावा लागतो. वाकळ घराबाहेर जात नाही. तिला लागणारे कापड घरातले, दोरा थोडा, आणि श्रम घरातील स्त्रियांचे. म्हणूनच घोंगडीचा उल्लेख व्यापाराच्या, करांच्या व कारागिरांच्या हिशोबांत येऊ शकतो. वाकळ अशा हिशोबात येण्याचे कारणच नसते. जी वस्तू विकली जात नाही, जिच्यावर कर बसत नाही आणि जी झिजून शेवटी चुलीजवळच्या फडक्यात संपते, तिच्यासाठी दप्तरात रकाना नाही. तिचा पुरावा मुख्यतः शब्दांत उरलेला आहे, आणि ते शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडीच राहिले तर तोही पुरावा एका पिढीत नाहीसा होऊ शकतो.

३

वस्त्राच्या झिजेच्या पायऱ्यांना मराठीने किती बारकाईने नावे दिली आहेत, हे क्रमाने पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. नऊवारी लुगडे घेऊ. ते सर्व ठिकाणी सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याने मधला भाग विरतो. काठ आणि पदर बरेच दिवस टिकतात. मधला विरलेला पट्टा कापून काढावयाचा व उरलेल्या दोन धडक्या भागांची टोके एकमेकांना शिवावयाची, या जोडाला 'दंड' म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसता येते. पुढे ते नेसण्याजोगे राहिले नाही की त्याचे तुकडे होतात. असा मोठा तुकडा तो 'धडपा'. फार झिजलेले वस्त्र ते 'जुनेर' किंवा 'पटकूर'. मऊ झालेल्या जुनेराचे तान्ह्या मुलासाठी 'दुपटे' होते. कारण नवे कापड खरखरीत व जुने मऊ, हा अनुभव आहे. त्याहून जीर्ण झालेले कापड 'वाकळे'च्या पोटात जाते. वाकळेतही न मावणारे तुकडे म्हणजे 'चिरगूट' आणि 'चिंधी'. त्यांतून घागरीखालची 'चुंबळ' होते. शेवटी चूल सारवण्याचे 'पोतेरे', भोके बुजविण्याचा 'बोळा' आणि तेलात भिजवून पेटविण्याचा 'काकडा' या रूपांत त्या वस्त्राचा अंत होतो.

मोल्सवर्थने आपल्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) यांतील बहुतेक शब्दांची नोंद केली, आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२ ते १९३८) त्यांचा अर्थविस्तार दिसतो. परंतु कोशात ते वर्णानुक्रमाने एकमेकांपासून दूर पडलेले आहेत. दंड एका खंडात, पोतेरे दुसऱ्या खंडात, वाकळ तिसऱ्या खंडात. वापरणाऱ्या स्त्रीच्या मनात मात्र ते एका सलग क्रमात असतात. कोणते वस्त्र केव्हा एका पायरीवरून खालच्या पायरीवर न्यावयाचे, हा निर्णय रोजच्या संसारात घ्यावा लागतो. तो चुकला, म्हणजे नेसता येण्याजोगे लुगडे फार लवकर फाडले, तर घरात एका वस्त्राची तूट येते. फार उशिरा फाडले तर त्यातून दुपट्याजोगाही तुकडा निघत नाही. या शब्दांची बारकाई हौसेतून आलेली नाही. कापड महाग आणि हात रिकामा असलेल्या घरांचा तो हिशोब आहे, आणि तो अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी शब्दांत ठेवला आहे.

४

या शब्दांपैकी 'वाकळ' हा कोल्हापूर-साताऱ्याकडचा नित्याचा शब्द. 'वाकाळ' असाही त्याचा उच्चार ऐकू येतो. पुण्याकडे व इतरत्र 'गोधडी' हा शब्द अधिक चालतो. त्याचे हिंदीतील गुदडी व गुजरातीतील गोदडी यांच्याशी नाते उघड आहे. बेळगाव-धारवाडच्या कन्नड प्रदेशात याच वस्तूला 'कौदी' म्हणतात. म्हणजे एकाच शिवणकामाची तीन नावे थोड्या अंतरात भेटतात आणि त्यांपैकी 'वाकळ' हे नाव त्यांच्या मध्ये ठाण मांडून बसले आहे.

'वाकळ' शब्दाचे मूळ संस्कृत 'वल्कल' या शब्दात पाहण्यास ध्वनिदृष्ट्या अडचण नाही. वल्कल या शब्दातील 'ल्क' या जोडाक्षराचे प्राकृतात 'क्क' होऊन 'वक्कल' हे रूप मिळते. मराठीत द्वित्त व्यंजनातील एक गळते व मागचा स्वर दीर्घ होतो. आणि दोन स्वरांमधील 'ल' चा 'ळ' होतो. असे 'वाकळ' हे रूप नियमाने सिद्ध होते. अर्थाचा प्रवासही समजण्याजोगा आहे. वल्कल म्हणजे झाडाची साल व सालीचे वस्त्र. ते तपस्व्याचे वस्त्र. ज्याच्याजवळ विणलेले वस्त्र नाही त्याचे ते आच्छादन. पुढे साल गेली, पण हीन-दीन आच्छादनाचा भाव शब्दात राहिला व तो तुकड्यांच्या पांघरुणावर स्थिरावला.

या व्युत्पत्तीला बळकटी देणारी गोष्ट म्हणजे 'चिरगूट' हा शब्द. त्यातील 'चीर' या संस्कृत शब्दाचाही अर्थ सालीची किंवा कापडाची पट्टी असाच आहे, आणि 'चीर' व 'वल्कल' हे दोन शब्द संस्कृतात वनवासी माणसाच्या वेषाच्या वर्णनात जोडीने येतात. सालीचे वस्त्र दाखविणाऱ्या दोन जुन्या शब्दांपैकी एक मराठीत चिंधीकडे व दुसरा चिंध्यांच्या पांघरुणाकडे गेला, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. याच्या उलट प्रवास 'कापड' या शब्दाने केला. त्याचे मूळ संस्कृत 'कर्पट'. आणि कर्पट म्हणजे जुने, ठिगळांचे, फाटके वस्त्र. मूळ फाटक्या वस्त्राचे नाव पुढे सर्व वस्त्रमात्राचे नाव झाले. भाषेच्या दृष्टीने आज नवे कोरे कापड घेणारा माणूसही एका जुन्या चिंधीचेच नाव उच्चारीत असतो.

तुकड्यांच्या वस्त्राला प्रतिष्ठा देणारी परंपराही मोठी आहे. बौद्ध भिक्षूंच्या पांसुकूल चीवराची, म्हणजे उकिरड्यावर व स्मशानात टाकलेल्या चिंध्यांच्या वस्त्राची चर्चा विनयपिटकात आहे. बुद्धाने मगधातील बांध घातलेल्या चौकोनी शेतांकडे पाहून, तशा खंडांचे चीवर शिवण्यास आनंदाला सुचविल्याची कथा महावग्गात येते. नाथपंथी योग्याची 'कंथा' हीदेखील ठिगळांचीच. महाराष्ट्रात अगदी अलीकडे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांना त्यांच्या अंगावरील तुकड्यांच्या वस्त्रामुळे लोक 'गोधडे महाराज' म्हणत. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. संन्याशाने स्वेच्छेने स्वीकारलेली चिंधी पूज्य ठरते. गरिबाच्या अंगावर नाइलाजाने आलेली चिंधी तशी ठरत नाही. नकोशा मुलीला घरात 'चिंधी' म्हणण्यात हा दुसरा अर्थ आहे. सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांचे बालपणीचे नाव तेच होते. दगडू, धोंडू, केरू यांप्रमाणे 'चिंधू' हे नाव मूल जगावे म्हणूनही ठेवीत. ज्याला किंमत नाही त्याच्यावर मृत्यूची नजर जाणार नाही, ही त्यामागील समजूत. एकाच शब्दात तुच्छता व रक्षण हे दोन्ही भाव राहिले आहेत.

५

आतापर्यंत पाहिलेली सर्व शब्दसंपत्ती झिजेतून निर्माण झालेल्या तुकड्यांची आहे. तुकडा निर्माण होण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कात्री. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही वस्त्रे मागावरूनच हव्या त्या मापाची उतरत. ती कापावी लागत नसत. म्हणून अशा वस्त्रांतून नव्या कापडाचा तुकडा उरण्याचा प्रश्न नव्हता. शिवलेले कपडे मुळीच नव्हते असे नाही. चोळी होती, अंगरखा व बाराबंदी होती, मुलांची कुंची होती. शिंपी हा गावगाड्यातील अलुत्यांपैकी एक मानला जाई आणि संत नामदेवांमुळे त्या व्यवसायाचे नाव वारकरी परंपरेत आदराने घेतले जाते. तरीही सामान्य घरात वर्षातून शिवून घ्यावयाचे कपडे मोजके असत. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी बेतताना उरणारे चार-दोन त्रिकोणी तुकडे, एवढाच कात्रीचा वाटा होता. त्या तुकड्यांना 'कातरण' असा वेगळा शब्द आहे आणि तो कातरणे या क्रियापदावरून आलेला आहे. चिंधीत वापराची खूण असते. कातरण कोरेच असते.

विसाव्या शतकात ही स्थिती पालटली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग चालविला. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडाची गिरणी स्थापन केली. कापड स्वस्त व मुबलक होण्याच्या दिशेने ही पावले होती. सदरा, विजार, परकर, पोलके, झंपर, शाळेचा गणवेश असे शिवलेले कपडे वाढत गेले आणि शिवणयंत्र बाजाराच्या गावी, नंतर घरोघरी पोचले. शिंप्याच्या दुकानात यंत्राखाली कातरणाचा ढीग पडू लागला. मलकापूर हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव असल्यामुळे कपडा घेणे व तो शिवावयास टाकणे ही दोन्ही कामे अशाच ठिकाणी होतात, आणि कातरणही तेथेच साठते.

चिंधी व कातरण यांतील हा भेद शिवणकामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जुनेराचे तुकडे मोठे, मऊ व फिके असतात. ते थरावर थर पसरता येतात, म्हणून त्यांची वाकळ होते. कातरण लहान, कोरे, गडद रंगांचे व वेड्यावाकड्या आकाराचे असते. त्याची वाकळ शिवू गेल्यास जोडच फार होतात. त्याला शोभते ती लहान वस्तू: बटवा, पिशवीवरील नक्षी, बसकर आणि आता पेल्याखालचे आसन. म्हणजे ही चिमुकली वस्तू वाकळेचीच लहान आवृत्ती आहे असे म्हणणे पुरेसे नाही. तिचा टाका वाकळेचा आहे. तिचे कापड मात्र शिंप्याच्या कात्रीचे आहे.

६

भांड्याखाली काहीतरी ठेवण्याची गरज जुन्या घरातही होती. तिच्यासाठी निरनिराळी साधने होती व त्यांना नावेही होती. ताट ठेवण्याची तिपायी 'अडणी', पाण्याची भांडी ठेवण्याची 'घडवंची', आणि गोल बुडाच्या भांड्याखालची व डोक्यावरच्या घागरीखालची 'चुंबळ'. यांपैकी चुंबळ ही चिंध्यांची. जुने कापड पिळून, त्याचे वेटोळे करून, वरून दुसऱ्या पट्टीने ते आवळले की चुंबळ होते. डोक्याला घागरीचा काठिण्यभार लागू नये, ओझे डळमळू नये आणि पाझरलेले पाणी शोषले जावे ही तिची तीन कामे. पेल्याखालच्या आसनाची कामेही थोड्या फरकाने हीच आहेत: उष्णता अडविणे, पेला न घसरू देणे आणि ओघळ शोषणे. कार्याच्या दृष्टीने पाहता या नव्या वस्तूचा पूर्वज वाकळ नसून चुंबळ आहे.

'चुंबळ' शब्दाकडेही येथे लक्ष देणे अगत्याचे आहे. कन्नडात याच वस्तूला 'सिंबी' किंवा 'सिंबे' आणि तमिळ-मल्याळमात 'चुम्माडु' म्हणतात. गुजरातीतील 'इंढोणी' व हिंदीतील 'ईंडुरी' यांच्याशी मराठी शब्दाचा मेळ बसत नाही. दक्षिणेकडील शब्दांशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये व टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाल्यापासून अशी तुलना करणे सुलभ झाले आहे. ओझे वाहण्याच्या वस्तूचे नाव दक्षिणेशी जुळते व पांघरण्याच्या वस्तूचे नाव संस्कृताकडे पोचते. मराठीचा शब्दसंग्रह दोन कुळांच्या शेजारात घडला, याची साक्ष एकाच घरातील दोन चिंध्यांच्या वस्तू देतात.

मग चहाचे काय? हिंदुस्थानात चहाचे मळे एकोणिसाव्या शतकात वाढले, तरी सामान्य लोकांत चहा रुजविण्याचे संघटित प्रयत्न नंतरचे. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून प्रचारासाठी निधी उभारण्यात आला आणि १९३७ पासून त्यासाठी स्थापलेल्या मंडळाने प्रचाराचा व्याप वाढविला. कोल्हापूरसारख्या गुळाच्या मुलखात चहा आला तो बऱ्याच घरांत गुळाचा होऊन राहिला, आणि बोलीत त्याचा उच्चार 'च्या' असा झाला. त्याच्याबरोबर 'कप-बशी' ही जोडी आली. या जोडीचा सामाजिक इतिहासही कोल्हापुरास विसरता येण्याजोगा नाही. चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांची भांडी वेगळी ठेवली जात, त्या काळात गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले व शाहू महाराज (१८७४–१९२२) तेथे स्वतः जाऊन चहा घेत. कपाला कोण शिवतो याला तेव्हा किंमत होती. कपाखाली काय ठेवावे हा प्रश्न कोणालाच पडलेला नव्हता.

तो न पडण्याची कारणे स्पष्ट आहेत. कपाखाली बशी होतीच. चहा बशीत ओतून प्यावयाचा झाल्यास कप शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा शहाबादी फरशीवर टेकविला जाई, आणि तेथे ओल्या बुडाचे वर्तुळ उमटले तरी काही बिघडत नसे. कपाखालच्या आसनाची गरज पडण्यास दोन गोष्टी घडाव्या लागल्या. चकचकीत पृष्ठभागाचे टेबल घरात आले. आणि कप-बशीची जोडी फुटून बशीविना, मोठा, कानाचा पेला, ज्याला आज 'मग' म्हणतात, तो प्रचारात आला. टेबल, बशीविना पेला आणि शिंप्याचे कातरण या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच ही वस्तू जन्मास आली. तिचे नाव जुन्या मराठीत सापडत नाही याचे कारण हे आहे. भाषा तेथे अपुरी पडली असे म्हणता येत नाही, कारण वस्तूचे प्रयोजनच तेव्हा नव्हते.

७

आसन शिवण्याची रीत पाहिली असता जुने ज्ञान त्यात किती शिल्लक आहे हे कळते. वरचा थर कातरणाच्या तुकड्यांचा जोडलेला, खालचा थर एकसंध, आणि मध्ये जुन्या धोतराचा, टॉवेलचा किंवा वाकळेतून निघालेल्या कापडाचा जाड थर. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडविते. हेच वाकळेच्या उबेचेही कारण. कापड सुती हवे, कारण सुताला पाणी शोषता येते व ऊन भांड्याचा ताप सोसतो. कृत्रिम धाग्याचे कापड पाणी झिडकारते आणि फार तापलेल्या भांड्याखाली आकसते. आज शिंप्याकडील कातरणात अशा कापडाचा भरणा मोठा असल्यामुळे तुकडे निवडून घ्यावे लागतात. सुती तुकडा बोटांनी चुरगाळून ओळखण्याची पारख जुन्या बायकांना असते. ती शिकविली जात नाही, पाहून येते.

नंतर धावदोरा. वाकळेत टाके कडेने सुरू करून आत आत नेण्याची रीत आहे, म्हणजे थर सरकत नाहीत व मध्ये फुगवटा राहत नाही. उत्तर कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रियांच्या 'कवंदी'तही कडेकडून मध्याकडे जाण्याचीच पद्धत असून, चारही कोपऱ्यांवर त्या कापडाची घडी घालून 'फूल' बसवितात. फुलाविना कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. लहान आसनात हे नियम सोडले तरी वस्तू उभी राहते. परंतु कडेचे टाके घट्ट नसतील तर दोन धुण्यांत थर सुटे होतात. मलकापूर-कोल्हापूर भागात नवरात्रापूर्वी घरातील सर्व वाकळा नदीवर नेऊन धुण्याचा प्रघात आहे. पाण्याने जड झालेली वाकळ आपटून, पिळून, दगडावर वाळवून पुन्हा घरात यावयाची असते. ज्या टाक्याला ही वार्षिक परीक्षा द्यावी लागते तो टाका कच्चा असून चालत नाही. लहान आसन शिवणारीच्या हातात हा टाका आलेला असतो.

८

नावांचा विचार बंगालच्या तुलनेने पुरा करता येईल. बंगालातील कांथा हेदेखील जुन्या साड्यांचे थर शिवून केलेले काम. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी त्याचा संग्रह केला व स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये त्यावर लिहिले; त्यामुळे ते कलेच्या इतिहासात दाखल झाले. तेथे लहान वस्तूंनाही स्वतंत्र नावे आहेत. बसण्याचे 'आसन', आरसा-फणी गुंडाळण्याची 'आर्शिलता', उशीचे 'ओआड', पोथ्या बांधण्याचे 'बायतन', पैसे ठेवण्याची 'दुर्जनी'. ही नावे टिकली यात संग्राहकांचा व लेखकांचा मोठा वाटा आहे. वाकळेला तसा संग्राहक फार थोडा लाभला. तिच्यावरील काम भरतकामासारखे चित्रमय नसते, म्हणून ती कलावस्तू ठरली नाही. ती विकली जात नसे, म्हणून व्यापारी वस्तूही ठरली नाही.

इकडे इंग्रजीतील नावांचे व्यवहार पाहण्याजोगे आहेत. 'कोस्टर' हा शब्द मूळ मद्याचे पात्र मेजावर एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे सरकविण्याच्या तबकडीचा; त्यात सरकण्याचा अर्थ आहे. चिंध्यांच्या पेल्याखालील आसनाला अमेरिकेतील शिवणाऱ्या स्त्रिया 'मग रग' म्हणतात. त्या नावात यमकाचा खेळ आहे. मराठीत ते घेण्यास अडचण अशी की, मराठी घरात 'मग' म्हटले की न्हाणीघरातील पाणी घेण्याचे भांडे आधी डोळ्यांसमोर येते. दुसरीकडे परदेशी बाजारात हिंदुस्थानी चिंध्यांच्या सतरंज्या 'चिंदी रग' या नावाने विकल्या जातात. जो शब्द येथे नकोशा मुलीला लावला गेला तो तेथे मालाचे आकर्षण वाढविण्यासाठी लावला जातो. शब्दाची किंमत त्याच्या अर्थावर ठरत नसून, तो कोण कोणाला उद्देशून उच्चारतो यावर ठरते, याचे हे उदाहरण होय.

मराठीत या वस्तूला नाव देण्याची सामग्री नाही असे मुळीच नाही. 'बसकर' हा शब्द बसण्याच्या लहान आसनाला आहेच; माणसाचे बसकर पेल्याला लावणे हा अर्थविस्तार बंगाली 'आसन' शब्दासारखाच नैसर्गिक ठरेल. 'चुंबळ' शब्दातही ओझ्याखालची मऊ बैठक हा अर्थ आहे, आणि नळ आल्यामुळे डोक्यावरची घागर कमी होत चालल्याने तो शब्द आपले जुने काम गमावीत आहे. 'पायपुसणे', 'कानकोरणे' यांसारखे कामावरून नाव घडविण्याची रीतही भाषेत जिवंत आहे. परंतु असे नाव विद्यापीठात ठरवून रूढ होत नसते. ते शिवणारीच्या व वापरणारीच्या तोंडी पडावे लागते.

विद्यापीठाच्या वाट्यास येणारे काम वेगळे आहे. वाकळेशी निगडित शब्द कोशांत आहेत, पण विखुरलेले. एका घरात ते कोणत्या क्रमाने वापरले जातात, घाटावर व कोकणात त्यांत कोठे फरक पडतो, कन्नड शेजारातून कोणते शब्द आले, कोणते तुकडे चिंधीत व कोणते कातरणात मोजले जातात, याची गाववार नोंद करणे अजून शक्य आहे. शाहूवाडी तालुक्यासारख्या प्रदेशात, जेथे धनगरवाडे, घाटमाथ्यावरील शेतकरी वस्ती व बाजाराचे गाव ही तिन्ही एका दिवसाच्या टप्प्यात येतात, हे काम विशेष फलदायी होईल. बचत गटांच्या प्रदर्शनांत आज तुकड्यांच्या गोधड्या, पिशव्या व आसने दिसतात; त्यांच्यावर किंमतीची चिठ्ठी असते. ज्या श्रमाला पूर्वी हिशोबात जागा नव्हती त्याला ती मिळू लागली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र त्या चिठ्ठीवर परके नाव लिहिले जात असताना दंड, धडपा, जुनेर, चिरगूट हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्या स्त्रिया वृद्ध होत आहेत. येत्या काही नवरात्रांत नदीवर वाकळा धुताना त्यांच्याशी बोलून ही नोंद करता येईल. नंतर ती केवळ मोल्सवर्थच्या पानांवरून करावी लागेल.